वायरलेस संच मोजता, तपासता का?




पावसाळा तोंडावर आला की तालुक्यातालुक्यांत आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठका भरतात. बोटी, लाइफ जॅकेट, दोर, वायरलेस संच यांची मोजदाद होते. संच किती, हे कागदावर येतं. त्यांतला कोणता डोंगरापलीकडे बोलतो, हे कोणी तपासलं?

लष्कराच्या सिग्नल कोरमध्ये मी संच दुरुस्तीचं काम केलं. जबलपूरला शिकलो आणि पुढची सगळी नोकरी सेट उघडण्यात गेली. बंद पडलेल्या सेटपेक्षा चालू दिसणारा सेट जास्त घात करतो, हे तिथे हाडात मुरलं. एरियलच्या जोडात पाणी शिरलं तरी दिवा लागतो, खरखर ऐकू येते. माणूस जीव तोडून बोलतो, पलीकडे काही पोचत नाही. कपाटात वर्षभर पडलेली बॅटरी भरलेली दिसते, पण बोलायचं बटण दाबलं की बसते, कारण ऐकण्यापेक्षा बोलायला वीज कितीतरी जास्त लागते. म्हणून समोरून उत्तर आल्याखेरीज कुठल्याही सेटला आम्ही ‘ठीक’ म्हणत नव्हतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली पाण्यात होती. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. अशा वेळी सेना आणि एनडीआरएफ येतात, स्वतःचे संच आणि ते राखणारी माणसं घेऊन येतात. ते पोचेपर्यंतचे तास मात्र आपल्यालाच काढायचे असतात. वीज गेली की मोबाइलचा टॉवर बॅटरीवर काही तासच तगतो. पोलिसांची बिनतारी यंत्रणा आहे, हे मान्य. पण दरडीखालच्या वाडीतल्या पोलीस पाटलाच्या हातात काय आहे? हातातल्या छोट्या सेटच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, डोंगर त्यांना अडवतो. त्यासाठी उंचावर रिपीटर लागतो आणि तो पावसाआधी चढून तपासणारा माणूसही लागतो.

असा माणूस शोधायला लांब जायला नको. सातारा हा अपशिंगे मिलिटरी या सैनिकांच्या गावाचा जिल्हा आहे. सिग्नल, ईएमई, हवाई दल, नौदल इथून रेडिओचं काम करून परतलेले कितीतरी जण घरी बसले आहेत. राज्याच्या गट क आणि ड पदांत माजी सैनिकांना १५ टक्के आरक्षण आहे. तरी माझ्याबरोबरचे दोघे आज एटीएमच्या दारात उभे राहतात. त्या कामात कमीपणा नाही. पण ज्याच्या हाताला सोल्डरिंगची सवय आहे, त्याला बंदूक देऊन स्टुलावर बसवणं हे जिल्ह्याचं नुकसान आहे. चार वर्षांची सेवा संपवून अग्निवीरही परततील, तेव्हा त्यांच्या बाबतीत तरी हे होऊ नये.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे माजी सैनिकांची नोंद असते. त्यातून प्रत्येक तालुक्याने असे दोन जण निवडावेत, एप्रिल-मे महिन्यांत मानधन देऊन प्रत्येक संच उघडायला लावावा, वाडीवरून बोलून पाहावा आणि संचावर तारखेसह सही घ्यावी.

माझं मल्टिमीटर अजून चालतं. निरोप आला तर सकाळच्या एसटीने मी कोरेगावला येईन.

— एक माजी सैनिक,
रहिमतपूर, ता. कोरेगाव, जि. सातारा