गुणाकाराचा मोह

इंग्लंडमधल्या ॲस्कॉटच्या रेसकोर्सवर २८ सप्टेंबर १९९६ रोजी सात शर्यती झाल्या आणि सातही फ्रँकी डेटोरी या इटालियन जॉकीने जिंकल्या. अंतिम भावांनुसार, त्या सातही घोड्यांवर एकत्रित पैज लावणाऱ्याचा एक पौंड पंचवीस हजारांवर गेला. एवढी रक्कम होते कशी, हे समजायला शाळेतला गुणाकार पुरतो.

घोड्याचा भाव ‘एकास दोन’ म्हणजे एका पौंडावर दोन पौंड नफा. मूळ पौंड परत, म्हणून एकूण तीन. एकत्रित पैजेत हे तीन पौंड खेळणाऱ्याच्या हाती येतच नाहीत. ते सगळेच्या सगळे पुढच्या घोड्यावर लागतात. त्या दिवशीच्या पहिल्या घोड्याचा भाव एकास दोन होता, दुसऱ्याचा एकास बारा. तीन तेरे एकोणचाळीस. तिसरा तीसला शंभर : झाले १६९. चौथा एकास सात : १,३५२. पाचवा चारास सात : ३,७१८. सहावा चारास पाच : ८,३६५ पौंड ५० पेन्स. सातवा पुन्हा एकास दोन, म्हणजे २५,०९६ पौंड ५० पेन्स. यातला एक जरी घोडा मागे पडता तर सारे शून्य.

खरी गंमत सातव्या घोड्याची. फुजियामा क्रेस्टचा सकाळचा भाव एकास बारा होता. शर्यत सुटताना तो एकास दोनवर आला. घोड्याचे पाय तेच होते. पण हजारो एकत्रित पैजा सहा शर्यती पार करून त्याच्यापर्यंत पोचल्या होत्या आणि धास्तावलेले बुकी नुकसान भरून निघावे म्हणून स्वतःच त्याच्यावर पैसे लावत सुटले. तो भाव घोड्याचा नव्हता, बुकींच्या भीतीचा होता.

असा दिवस लोकांच्या लक्षात राहतो, कारण तो क्वचितच उगवतो. एरवीचा हिशेब वेगळा असतो. दोन तुल्यबळ क्रिकेट संघांच्या सामन्यात शंभर रुपयांचे न्यायाने दोनशे व्हायला हवेत. बुकी देतो एकशे नव्वद. म्हणजे सरासरीने शंभरातले पाच रुपये त्याचे. असे पाच सामने जोडले की शंभराचे २,४७६ रुपये होतात आणि डोळे दिपतात. न्याय्य रक्कम मात्र ३,२०० असते. बुकीचा वाटाही प्रत्येक पायरीवर गुणला जातो : पाच सामन्यांत तो शंभरात साडेबावीस होतो, दहा सामन्यांत चाळीस. मोठ्या अक्षरांत छापलेले बक्षीस दिसते, हा वाटा कोणी छापत नाही.

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरचा जॅकपॉट या बाबतीत निदान सरळ म्हणायचा. सलग पाच शर्यतींचे विजेते ओळखायचे. जमलेल्या पैशातून कर आणि क्लबचा वाटा एकदाच वजा होतो, उरलेले विजेत्यांत वाटले जाते. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच दिला. एक घोडा निवडण्यात अभ्यास असू शकतो, हे मान्य. पण पाच निवडी एकापुढे एक लावल्या की अभ्यासातली प्रत्येक चूकही गुणली जाते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध कायदा केला. तो हवाच होता. मात्र बारावी झालेल्या मुलाला मित्र ‘पाच मॅच जोड, पंचवीसपट मिळतील’ म्हणतो, तेव्हा कायदा शेजारी उभा नसतो. सातवी-आठवीच्या नफा-तोट्याच्या धड्यात एक उदाहरण घालायला काय हरकत आहे? सहा सामने, त्यांतून दोन-दोन, तीन-तीन असे करत सहापर्यंतचे सगळे गट केले तर ५७ पैजा होतात. प्रत्येकीवर दहा रुपये, म्हणजे ५७० रुपये. भाव वरचाच, शंभरास एकशे नव्वद. सहापैकी दोनच अंदाज बरोबर आले तर परत किती? एकच जोडी लागते. उत्तर ३६ रुपये १० पैसे.