साकवाला छप्पर द्या

धामापूरची ग्रामसभा आणि सिंधुदुर्ग जिल्हा परिषद यांच्यापुढे मांडायचे काही मुद्दे.

१. पोफळीचे नाहीतर माडाचे दोन-तीन सोट वहाळावर आडवे टाकायचे, त्यावर फळ्या किंवा माणगा बांबूच्या चिपा ठोकायच्या, हाताला धरायला एक बांबू बांधायचा, की झाला साकव. शाळेची पोरं, डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या बाया, पलीकडच्या वाडीतले म्हातारे, सगळे पिढ्यानपिढ्या याच्यावरून गेले. आता साकव मंजूर होतो तो काँक्रीटचा. लाकडी साकव एकेक करून जात आहेत आणि त्याची कुणाला खंत नाही, कारण पावसात लाकूड कुजायचंच असं आपण धरून चाललो आहोत. मला हे मान्य नाही. लाकूड कुजतं ते उघड्यावर टाकल्यामुळे.

२. पुरावा आपल्याच गावांत उभा आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात फणसाचे, किंजळाचे वासे असलेली घरं तीन-तीन पिढ्या टिकतात. कशामुळे? वर कौलं असतात आणि पावसाआधी शाकारणी होते म्हणून. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी त्यात वाढत नाही. ही साधी गोष्ट ओळखून जगात कित्येक ठिकाणी लाकडी पुलांवर छप्परं चढवली गेली. स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नचा चॅपल पूल चौदाव्या शतकातला. ऑगस्ट १९९३ मध्ये आगीत त्याचा मोठा भाग जळाला, पण शहराने दुसऱ्याच वर्षी तो पुन्हा उभा करून वाहता केला. कॅनडातल्या हार्टलँडचा ३९१ मीटर लांबीचा पूल १९०१ मध्ये खुला झाला तेव्हा उघडाच होता. छप्पर वीसेक वर्षांनी आलं, आणि त्यावरून आजही मोटारी जातात. तिथे बर्फ पडतो, इथे पाऊस. लाकडाला दोन्हींपासून आडोसाच लागतो.

३. साकव नेमका कुठे कुजतो ते वाकून पाहायला हवं. मधला भाग वाऱ्याने सुकतो. काठावर जिथे सोटाचं टोक चिऱ्यावर किंवा मातीत टेकतं, तिथे पालापाचोळा साचतो, ओल धरते, वाळवी वर चढते. वरून सोट धडधाकट दिसतो आणि टोकाला कोयती लावली तर पातं लोण्यात गेल्यासारखं आत जातं. दुसरी जागा खिळ्यांच्या भोकांची, कारण त्यांत पाणी मुरतं. म्हणजे करायचं ते फार नाही. टोक जमिनीपासून उचलून कोरड्या दगडावर बसवायचं, त्याभोवतीचा पाला दर पंधरवड्याला काढायचा, बांबू वापरायचा तर आधी बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या द्रावणात मुरवायचा. आणि वर उतरतं छप्पर, दोन्ही बाजूंना चांगलं बाहेर काढलेलं. तौक्तेसारखं वादळ आपण मे २०२१ मध्ये पाहिलं आहे, तेव्हा छप्पर ठेंगणं हवं आणि खालच्या सांगाड्याशी पक्कं जखडलेलं हवं.

४. "उद्या कोणी पडलं तर?" हा प्रश्न ग्रामसभेत येणार आणि यायलाच हवा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल एसटीच्या दोन गाड्यांसह वाहून गेला. तो दगडी होता. १५ जून २०२५ ला कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा पूल कोसळून माणसं गेली. तो लोखंडी होता. या दोन्ही दुर्घटना आठवल्या की लाकडाला धोक्याचं आणि बाकीच्यांना सुरक्षित म्हणायला जीभ वळत नाही. नवं काम मंजूर करून घेणं सोपं आणि देखभालीला पैसा मिळवणं कठीण, हे कुठल्याही सरपंचाला विचारा. जीव जातात ते या फरकामुळे.

तरीही एक गोष्ट स्पष्ट करतो. जिथून रुग्णवाहिका जायला हवी तिथे काँक्रीटचाच पूल व्हावा. वारसा जपायचा म्हणून कुठल्याही वाडीने आजारी माणूस खांद्यावरून नेऊ नये. मी बोलतो आहे ते पायवाटेच्या साकवांबद्दल.

५. सुरुवात धामापुरातून का? कारण जुनी वस्तू वापरात ठेवून कशी जपायची हे या गावाला शिकवावं लागत नाही. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० मध्ये बांधलेला इथला तलाव २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाच्या जागतिक सिंचन वारसा यादीत गेला. मालवण शहर त्याचं पाणी पितं. काठावरच्या भगवतीची कथा तर घराघरांत माहीत आहे: लग्नकार्याला फुलांची परडी पाण्यात सोडावी, देवीने दागिने द्यावेत, कार्य उरकलं की ते परत करावेत. कोणीतरी परत केले नाहीत आणि देणं थांबलं. वापरलेली वस्तू नीट परत ठेवायची, ही अट या गावाने लहानपणापासून ऐकली आहे. २०३० ला तलावाला पाचशे वर्षं होतील. तेव्हा पाहुण्यांना दाखवायला तलावाच्या पाण्यात एकही नवं बांधकाम नको. काठापासून दूर, रोजच्या वाटेवरच्या एखाद्या वहाळावर छपराचा लाकडी साकव असावा.

६. म्हणून मागण्या अशा. ग्रामपंचायतीने हद्दीतल्या प्रत्येक साकवाची मालमत्ता नोंदवहीत नोंद करावी: वहाळाचं नाव, लाकूड कुठलं, शेवटची दुरुस्ती कधी. दरवर्षी १ मेच्या ग्रामसभेत, म्हणजे पाऊस महिन्याभरावर असताना, साकवांची पाहणी हा विषय पत्रिकेवर असावा आणि जो साकव नापास होईल तो त्याच दिवशी बंद करावा, नुसता फलक लावून नव्हे तर फळ्या काढून. जिल्हा परिषदेने पायवाटेच्या साकवासाठी लाकूड-बांबूचा छपरासह आराखडा तयार करावा, आणि मंजुरीतच पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीची रक्कम धरावी. २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेरचा बांबू वन कायद्यात वृक्ष राहिलेला नाही, त्यामुळे माणगा आपल्याच शेताच्या बांधावरून आणता येईल. काम जिल्ह्यातल्या सुतारांना द्यावं. जुनी घरं पडू लागल्यापासून त्यांच्या हातातलं सांध्याचं काम कमी झालं आहे, आणि ते येणारे कारागीर आज साठीच्या पुढे आहेत.