झाकणाखालची मालकी

सातपाटी म्हटलं की पापलेट आणि नारळी पौर्णिमा आठवते. या अंकात मात्र आम्ही बंदरावरून घरात शिरलो आहोत. कुंकवाचा करंडा, चुन्याची डबी, तपकिरीची डबी, फणेरपेटी अशा झाकणाच्या चिमुकल्या वस्तूंकडे आमचं लक्ष आहे.

झाकण आधी गरजेचं. उघडा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कडक होतो. खाऱ्या, दमट वाऱ्यात तपकीर ओलावते. पण घट्ट बसणाऱ्या झाकणावर मोर कोरायची गरज नव्हती. तो कोरला, कारण दिवसातून दहादा हाताळायची वस्तू देखणी हवी, असं कारागिराला आणि गिऱ्हाइकाला वाटलं. सावंतवाडीत दशावतारी गंजिफांच्या १२० गोल पत्त्यांची लाकडी पेटीही पत्त्यांइतक्याच हौसेने रंगवतात. खेळणारे विरळ झाले, तरी पेटीचा मान टिकून आहे.

याहून मोठी गोष्ट मालकीची. एकत्र कुटुंबात खोली सामाईक, फडताळ सामाईक. झाकणाला आतून आरसा असलेली फणेरपेटी तेवढी एकट्या बाईची. फणी, करंडा, मेण आणि कधी चार नाणी, सगळं तिथेच. इतरांनी ती विचारल्याशिवाय उघडायची नाही.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात घरगुती वस्तूंचा मोठा ठेवा आहे, जरूर पाहा. पण त्याआधी घरातल्या आजीला तिच्या डबीत काय असायचं ते विचारा, आणि आम्हाला लिहून कळवा.

— संपादक