दाक्षायणी वेलायुधन: फोटो फिरतो, भाषण कुणी वाचत नाही

२६ नोव्हेंबर जवळ आला की व्हॉट्सॲपवर एक फोटो फिरू लागतो. संविधान सभेतील एकमेव दलित महिला, दाक्षायणी वेलायुधन. खाली 'विनम्र अभिवादन'. सभागृहात त्या काय बोलल्या, हे कुणी लिहीत नाही. कारण त्या बाबासाहेबांच्या मागणीविरुद्ध बोलल्या होत्या.

त्यांचा जन्म १९१२ चा, कोची संस्थानातल्या मुळवुकाड बेटावर, पुलया समाजात. पुलयांना एर्नाकुलमच्या जमिनीवर सभा घेता येईना, म्हणून १९१३ साली त्यांनी खाडीत होड्या एकमेकींना बांधून पाण्यावर सभा भरवली. तेव्हा ही मुलगी वर्षाचीही नव्हती. पुढे ती विज्ञानाची पदवीधर झाली, दहा वर्षे सरकारी शाळेत मास्तरीण राहिली, १९४५ ला कोचीनच्या विधान परिषदेत आणि १९४६ ला, चौतिसाव्या वर्षी, मद्रास प्रांतातून थेट संविधान सभेत गेली.

पण काँग्रेसकडून. १९४० साली त्यांचे लग्नही सेवाग्रामला गांधींच्या साक्षीने झालेले. भाषणात त्या 'हरिजन' म्हणतात, ते आपल्याला खटकते. खटकलेच पाहिजे.

ऑगस्ट १९४७ मध्ये एस. नागप्पांनी सूचना मांडली की राखीव जागेवरच्या उमेदवाराला स्वतःच्या समाजाची किमान ३५ टक्के मते मिळालेली असावीत. दाक्षायणींनी विरोध केला. आपला माणूस आर्थिक गुलाम आहे तोवर मतदारसंघ स्वतंत्र की संयुक्त याला अर्थ नाही, असा त्यांचा मुद्दा होता.

माझ्या मते इथे त्या चुकल्या. पुणे करारानंतरच्या संयुक्त मतदारसंघात आपला उमेदवार सवर्णांच्या मतांवर ठरतो. म्हणून तो निवडून आला की समाजाला नाही, पक्षाला जबाबदार राहतो. आजच्या राखीव खासदारांकडे बघा. स्वतंत्र मतदारसंघाची मागणी बाबासाहेबांनी याच धोक्यापायी केली होती.

मात्र आर्थिक गुलामगिरीचा मुद्दा खोडता येत नाही. बाबासाहेबांनी १९४७ च्याच 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये स्वतंत्र मतदारसंघासोबत शेतजमीन राज्याच्या मालकीची करून सामुदायिक शेतीची मागणी केली होती. त्यातली राजकीय आरक्षणाची बाजू आपण घोकतो आणि जमिनीची सोडून देतो. मग दाक्षायणींना 'गांधीवादी' म्हणून बाजूला सारायचा आपल्याला काय अधिकार?

आणि ही बाई काँग्रेसचीही होयबा नव्हती. नोव्हेंबर १९४८ मध्ये मसुद्यावरच्या चर्चेत, तो १९३५ च्या कायद्याचीच नक्कल आहे आणि केंद्राला फार ताकद देतो, असे त्यांनी मसुदा समितीचे अध्यक्ष समोर असताना सुनावले. त्याच महिन्यात अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या कलमाला मनापासून पाठिंबाही दिला. बाबासाहेबांशी जाहीर मतभेद ठेवून त्यांच्याच सभागृहात काम करता येत होते. आज आपल्या एखाद्या कार्यकर्तीने गटाच्या बैठकीत वेगळे मत मांडले, तर संध्याकाळपर्यंत तिला 'विकली गेलेली' ठरवतात.

संविधान सभेच्या चर्चा सगळ्यांना मोफत वाचता येतात. येत्या २६ नोव्हेंबरच्या अभ्यासवर्गात दाक्षायणींचे ऑगस्ट १९४७ चे भाषण आणि 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' शेजारी ठेवून वाचा. भाषण एखाद्या मुलीला वाचू द्या, आणि नंतर तिने बाबासाहेबांची बाजू घेतली नाही तर तिला अडवू नका.