गर्वाच्या उलट काय?

शाळेत विरुद्धार्थी शब्दांमध्ये एक जोडी ठरलेली असायची : गर्व × नम्रता. एक मार्क पक्का! पण कॉलेजात आल्यावर वाटायला लागलंय, की ही जोडी आपण नुसती पाठ केली, शिकलोच नाही.

परवाचीच गोष्ट. ओरल चालू होती. आमच्या विंगमधला एक मित्र, मराठी माध्यमातून आलेला. आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत आम्हाला सगळ्यांना बीम शिकवत बसला होता. एक्स्टर्नलसमोर मात्र मान खाली घालून "सॉरी सर" म्हणाला आणि बाहेर आला. उत्तर येत होतं हो त्याला! इंग्रजी वाक्य चुकेल, या धाकाने गप्प बसला. वर कुणीतरी म्हणालं, "पोरगा फार नम्र आहे!"

मित्रहो, याला नम्रता म्हणत नाहीत. याला न्यूनगंड म्हणतात. मराठीत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत. गर्वाच्या उलट नम्रता, पण अभिमानाच्या उलट लाज आणि स्वाभिमानाच्या उलट लाचारी. आपण मात्र मान खाली घातलेला प्रत्येक जण 'नम्र' या एकाच खात्यात जमा करून मोकळे होतो.

'नम्र' हा शब्द 'नम्' म्हणजे वाकणे या धातूपासून आला. (हा संस्कृतातला धातू, मेकॅनिकलवाल्यांचा नव्हे!) गंमत म्हणजे मेकॅनिकलवाल्यांचा धातूही तेच सांगतो. माइल्ड स्टीलची पट्टी मर्यादेत वाकवली, तर भार काढल्यावर पुन्हा सरळ होते. ही नम्रता. यील्ड पॉइंट ओलांडला, की भार काढला तरी वाक राहतोच. ही लाचारी. आणि कास्ट आयर्न? फारसं वाकतच नाही, एकदम तुटतं. हा गर्व!

२९ ऑगस्ट १९०७ रोजी कॅनडात बांधकाम चालू असलेला क्वेबेक पूल कोसळला आणि ७५ कामगार गेले. पुलाचा गाळा १६०० फुटांवरून १८०० फुटांवर नेला होता, पण वाढलेल्या वजनाचा हिशेब वेळीच नव्याने केला नव्हता. सल्लागार इंजिनीअर थिओडोर कूपर नामांकित माणूस. आपलं काम दुसऱ्या कुणी तपासावं, हे त्यांना मान्य नव्हतं. हा झाला गर्व. पण वाकलेलं पोलाद साइटवर दिसत होतं, पत्रंही जात होती. तरी पुलावरचं काम चालूच राहिलं. म्हणजे एकट्या गर्वाने पूल पडत नाही, त्याला खालच्यांचा संकोचही हातभार लावतो.

म्हणून "सर, हे मला कळलं नाही" म्हणणारा नम्र. आणि "सर, फळ्यावर प्लसच्या जागी मायनस पाहिजे" असं नीट सांगणारासुद्धा नम्रच, माजलेला नव्हे! स्टाफलाही एक विनंती : गप्प बसणाऱ्याला लगेच शाबासकी देऊ नका. त्याला एकदा मराठीत विचारून बघा. उत्तर कदाचित तयार असेल.

असो. त्या मित्राला आम्ही आता रोज रात्री जेवणानंतर उभं करून इंग्रजीत बोलायला लावतो. वाक्यं चुकतात, आम्ही हसतो, तोही हसतो. पण परवा पहिल्यांदाच त्याने मान वर ठेवून चूक केली!