ढाळज गेली, सातबारा राहिला

दरवर्षी 30 सप्टेंबर जवळ आला की वर्तमानपत्रांतून भूकंपाच्या आठवणी येतात. 1993 साली त्या पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना जमीन हादरली आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली, हे पुन्हा सांगितलं जातं. मग नव्या गावांविषयीची हळहळ सुरू होते. पार गेला, वाडे गेले, भावकी पांगली, गावाची कॉलनी झाली. ही हळहळ खोटी नाही, पण ती बहुतेक करून पुरुषांची आहे. माकणीच्या धरणाजवळच्या एका पुनर्वसित गावात माझं लहानपण गेलं. त्या कॉलनीत वाढलेल्या मुलींना काय आठवतं, हे कुणी विचारल्याचं मला माहीत नाही.

आमचं जुनं घर धाब्याचं. दगडाच्या दोन-दोन हात रुंद भिंती, मातीत रचलेल्या, वर लाकूड आणि त्यावर मातीचं माळवद. पाऊस गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात त्यावर आणखी माती पडायची. माणसं मेली ती मुख्यतः या दगडमातीखाली. त्या घरात दारातून शिरताच ढाळज होती. ढाळज म्हणजे पुरुषांची बसायची जागा. आजोबा, चुलते, आले-गेले तिथं बसत, आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक बाईला त्यांच्या समोरून, डोक्यावरचा पदर सावरत जावं लागे. म्हणून बायका सहसा पुढच्या दाराने जातच नसत. मागचा बोळ होता. भिंतीत एक कोनाड्याएवढी खिडकी होती, तिच्यातून शेजारच्या काकूंकडे ताक, विस्तव, निरोप आणि रडणं, सगळं जायचं. न्हाणी आत होती, अंधारी, पण आडोशाची.

दोन-अडीच वर्षं आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये काढली. उन्हाळ्यात पत्रा इतका तापायचा की दुपारी बायका लेकरं घेऊन लिंबाखाली बसायच्या. त्या शेडमध्येच पुष्कळ लग्नंही लागली. बायको गेलेल्या पुरुषांनी वर्षाच्या आत दुसरी आणली, ती बहुधा आमच्या ताईंच्या वयाची असायची. नवरा गेलेल्या बाईचं लग्न लागलेलं मात्र आमच्या शेडच्या रांगांत मी पाहिलं नाही.

मग नवं गाव मिळालं. शहरातली वसाहत उचलून माळावर ठेवावी तसं. सरळ रस्ते, एकमेकांना काटकोनात कापणारे, जुन्या गावातली अख्खी गल्ली मावेल इतके रुंद. सगळी घरं सारखी, आणि ओळख पटावी म्हणून भिंतीवर ऑइलपेंटने घातलेले आकडे. आम्ही मुलं सुरुवातीला घर चुकायचो. माझ्या वर्गातली एक मुलगी शाळेतून सरळ दुसऱ्यांच्या घरात शिरून चुलीपाशी जाऊन बसली होती, हे सांगून आम्ही पुढं कितीतरी दिवस हसलो.

मला ते गाव आवडलं होतं, हे स्पष्ट लिहिते. त्या रस्त्यांवर मी सायकल शिकले. जुन्या गावात हे शक्यच नव्हतं, एक तर जागा नव्हती आणि दुसरं म्हणजे ढाळजेतून कुणीतरी हाक मारली असती. नव्या घराला ढाळज नव्हती. दार उघडलं की रस्ता. आई पहिल्यांदा कुणाच्याही समोरून न जाता घराबाहेर पडली आणि दारातच उभी राहिली. "हितं तर कुणीच बसलेलं न्हाई गं," एवढंच म्हणाली. बायका पुढच्या ओट्यावर तूर निवडायला बसू लागल्या, रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्याशी बोलू लागल्या. हे कुठल्या योजनेत लिहिलेलं नव्हतं. नकाशा काढणाऱ्याला ढाळज माहीत नव्हती म्हणून ते घडलं.

त्याला बाईची न्हाणीही माहीत नव्हती. चारी बाजूंनी उघडं घर, आणि अंघोळीला आडोसा नाही. आई आणि आत्या पहाटे चारला उठून, दोन बाजूंना लुगडी बांधून अंघोळ करत. संडास होते, पण पाणी नव्हतं, म्हणून त्यांत गोवऱ्या आणि कडबा भरला गेला. बाया पुन्हा अंधारात माळावर, आणि आता माळही लांब, मध्ये रुंद उजेडाचा रस्ता. घर कसं हवं हे विचारायला माणसं आली होती, ती पुरुषांच्या बैठकीत बसून चहा पिऊन गेली.

असं सगळीकडेच झालं, असं मात्र म्हणता येत नाही. ज्या गावांचं स्थलांतर न होता जागेवरच दुरुस्ती आणि बांधणी झाली, अशा हजाराहून अधिक गावांत स्वयम शिक्षण प्रयोगाने 1994 नंतर महिला मंडळांना कामात उतरवलं. संवाद सहायक म्हणून नेमलेल्या बायका सिमेंट, गज, हप्ते यांचा हिशेब विचारू लागल्या. त्यांच्यातल्या काही जणी 2001 च्या भूकंपानंतर कच्छच्या बायकांना हे सांगायला गेल्या. म्हणजे बायकांना विचारणं अवघड होतं, ही सबब टिकत नाही.

पण न्हाणी पुढं ज्याने त्याने बांधून घेतली. जे बांधून घेता येत नाही त्याच्याविषयी मला खरं लिहायचं आहे.

स्थलांतरित गावांत घराचा आकार कुटुंबातल्या माणसांवर ठरला नाही, जमिनीवर ठरला. भूमिहीन आणि 1 हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना 250 चौरस फूट, 1 ते 7 हेक्टरवाल्यांना 400, आणि त्यावर 750. आमची जमीन चार एकर, म्हणून आम्ही चारशेच्या ओळीत. मजुरांची घरं अडीचशेच्या ओळीत, गावाच्या एका कडेला. जुन्या गावातली जात नव्या गावात चौरस फुटांत मोजून मांडली गेली, हे पुष्कळांनी पाहिलं आहे. बाईचं काय झालं ते कमी पाहिलं गेलं. घर जमिनीवर, जमीन सातबाऱ्यावर, आणि सातबाऱ्यावर बाई नाही. नवरा मेल्याशिवाय तिचं नाव तिथं चढत नाही, आणि पुष्कळदा तेव्हाही चढत नाही.

आमच्या घरात आत्या होती. नवऱ्याने टाकलेली, आजोबांनी परत आणलेली. जुन्या वाड्यात तिला एक खोली होती, माजघराला लागून. आजोबा भूकंपाआधीच वारले होते. वाडा त्यांच्या नावावर, आणि 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी ही पहिल्या वर्गाची वारस. एवढंच नाही, त्याच कायद्याच्या कलम 23 मध्ये नवऱ्याने टाकलेल्या मुलीला वडिलांच्या राहत्या घरात राहण्याचा हक्क दिलेला होता. पण आजोबांच्या माघारी फेरफार झाला तो मुलांच्या नावे. मोजणीला आलेल्या माणसाने कुटुंबप्रमुख विचारला, वडिलांचं नाव घेतलं, आत्याला "अवलंबून असलेली" म्हणून खाली लिहिलं. वाड्याबरोबर तिची खोली पडली, आणि खोलीबरोबर कागदावर कधी न आलेला तिचा हक्कही. सातबाऱ्यावर तिचं नाव असतं तर तिला अडीचशे फुटांचं का होईना, स्वतःचं घर मागता आलं असतं. 1988 साली संगमनेरला परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरली होती. म्हणजे हा प्रश्न तोवर कुणी मांडलाच नव्हता, असं नाही.

त्याच काळात मुंबईत काय चाललं होतं पाहा. आम्ही पत्र्याखाली होतो तेव्हा, 22 जून 1994 पासून, महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हिस्सा दिला. त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना तेवढं वगळलं. राज्याचं महिला धोरणही त्याच वर्षीचं. म्हणजे एकीकडे मुलीला हिस्सेदार मानणारा कायदा झाला आणि दुसरीकडे तेच सरकार बावन्न गावं नव्याने वसवताना बापाच्या सातबाऱ्यावरून घरं वाटत होतं. एवढी घरं एकदम नव्याने नावावर चढण्याची वेळ रोज येत नाही. ती आली, आणि गेली.

मैत्रिणींनो, हे जुनं उगाळत नाही. त्या घरांचे पहिले धनी आता एकेक करून जात आहेत. माझे वडील गेल्या वर्षी गेले. भूकंपाच्या वेळी नऊ-दहा वर्षांच्या असलेल्या आम्ही मुली आता चाळिशीत आहोत आणि आमच्यापुढे हक्कसोडपत्रं ठेवली जात आहेत. माहेर तुटेल, रक्षाबंधनाला कुठं जाशील, घर चारशे फुटांचं त्यात तुला काय देणार, ही भाषा तुम्हाला सगळ्यांना पाठ आहे. भावाने माझ्यापुढे कागद ठेवला तेव्हा मी विचारलं, "आत्याचं काय?" तो म्हणाला, "तिला कोण घराबाहेर काढतंय?" तो खरंच काढणार नाही. पण त्याच्या मुलाने काढलं तर तिच्या हातात कागद नाही. ती आता सत्तरीच्या पुढं आहे. 2005 मध्ये केंद्राने कायदा दुरुस्त केला आणि कलम 23 गेलं, कारण मुलीला पूर्ण वारस मानल्यावर नुसत्या राहण्याच्या हक्काची गरज उरत नाही. आत्याच्या बाबतीत ती गरज उरली आहे, कारण तिचा हिस्सा कुणी मांडलाच नाही.

वाडा आजोबांचा होता आणि हे घर त्या वाड्याच्या बदल्यात मिळालं, तर यात आत्याचा हिस्सा का नाही? आपल्यातल्या वकील मैत्रिणींनी भूकंपग्रस्त गावांतल्या घरांपुरता हा मुद्दा नीट मांडून एक पुस्तिका काढावी. दहा पानं पुरतील, पण भाषा कोर्टाची नको. आणि धाराशिव-लातूरमधल्या बचतगटांनी आपापल्या ग्रामपंचायतीतून नमुना 8 चे उतारे काढून बघावेत की किती घरांवर बाईचं नाव आहे, किती ठिकाणी ते नवऱ्याच्या मृत्यूनंतर लागलं आणि किती ठिकाणी अजून मेलेल्या माणसाच्याच नावावर घर चाललं आहे. आमच्या दोन ओळींपुरतं हे काम मी सुरू केलं आहे. उतारा मागायला गेले तर पहिल्या दिवशी "कशाला पाहिजे?" असं विचारलं गेलं, तिसऱ्या खेपेला मिळाला.

हक्कसोडपत्र अजून माझ्या पिशवीत आहे. भावाला मी कळवलं आहे की त्या घराच्या उताऱ्यावर आधी आत्याचं नाव लागू दे, मग माझ्या हिश्श्याचं बोलू. या घडीला तो माझ्याशी बोलत नाही. आत्या बोलते. "माझ्यापायी भांडू नका," म्हणते, आणि पुढच्या खेपेला येताना उतारा आणायला सांगते. तिला तो बघायचा आहे.