राऊटर तुमचा, चावी कुणाकडे?

परवा घरच्या वायफायचा पासवर्ड बदलायचा होता. कनेक्शनवाल्या पोराला फोन केला, तर म्हणतो, "सर, सेटिंग आमच्याकडेच असतं, तुम्ही हात लावू नका." म्हणजे बिल मी भरायचं आणि चावी याच्याकडे!

शेवटी ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं. युजरनेम अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन. उघडलं की लगेच! वायफाय वापरणारा कुणीही हे करू शकतो.

२०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने असेच कंपनीचे पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे-राऊटर ताब्यात घेतले होते. ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून असल्या सरसकट पासवर्डवर कायद्यानेच बंदी घातली. आपण कधी जागे होणार? उद्या तुमच्या नेटवरून कुणी फ्रॉड केला तर पोलीस आधी तुमच्याच दारात येतील. कनेक्शन तुमच्या नावावर आहे ना!

जोडणी करतानाच पासवर्ड बदलून तो ग्राहकाच्या हातात द्यायचा, असा नियम हवाच. तोवर आपणच करू. अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला, वायफायचा वेगळा ठेवा, रिमोट मॅनेजमेंट बंद करा. फक्त रीसेटचं बटण दाबू नका, नेटचा आयडी-पासवर्ड पुसला जाईल आणि पुन्हा त्याच पोराच्या विनवण्या कराव्या लागतील.

दहा मिनिटांचं काम आहे. आज रात्रीच करा.